ज्वारी महागली, तर भाकऱ्या किती कमी होतात?

सोलापूर जिल्ह्यात धान्याच्या दुकानासमोर थोडा वेळ थांबलं तरी एक प्रश्न हमखास कानावर पडतो. ज्वारी गव्हापेक्षा महाग कशी झाली? विचारणाऱ्यांच्या लहानपणी गहू सणासुदीचा होता. पोळी पुरणाची नाहीतर पाहुण्यांसाठी, रोजची ती भाकरीच. आज तोच गहू रेशनवर मिळतो, आणि चांगली मालदांडी ज्वारी घ्यायची तर खिसा चाचपावा लागतो. या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. एवढी महाग झाली, तर लोकांनी ती सोडली का नाही? काहींनी सोडली, काहींनी कमी केली, काहींनी भाकरी तेवढीच ठेवून दुसरीकडे हात आखडला. कोण किती सोडेल, हे आधी सांगता येईल का?

बऱ्याच अंशी येतं. त्यासाठी अर्थशास्त्रज्ञ मागणीचं गणिती मॉडेल बांधतात. मॉडेल या शब्दाला बिचकायचं कारण नाही. शिंपी माप घेतो तेव्हा माणसाचं वर्णन करत नाही. छाती, खांदा, बाही, उंची असे चार-पाच आकडे वहीत टिपतो आणि तेवढ्यावर सदरा अंगाला बसतो. मागणीचं मॉडेलही घराघरातली आवडनिवड, भांडणं, उपास-तापास यांचं वर्णन करत नाही. भाव, उत्पन्न, इतर वस्तूंचे भाव, घरातली माणसं एवढी मापं घेतं आणि अंदाज बांधतं.

उदाहरणांसाठी आपण माळशिरस तालुक्यातलं वेळापूर घेऊ. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळाचं हे गाव. आजूबाजूला ऊस, आणि आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम. इथल्या दुकानाचे आणि घरांचे आकडे मी सोयीसाठी कल्पिलेले आहेत. सर्वेक्षणांचे म्हणून जे आकडे येतील ते मात्र खरे आहेत.

१. हवंसं वाटणं म्हणजे मागणी नव्हे

रोजच्या बोलण्यात आपण ‘आंब्याला खूप मागणी आहे’ म्हणतो तेव्हा आंबा सगळ्यांना आवडतो असं सुचवायचं असतं. अर्थशास्त्रात मागणीचा अर्थ याहून नेमका आणि थोडा कठोर आहे. अमुक भाव असताना, अमुक पैसे हातात असताना, माणूस प्रत्यक्षात किती विकत घेईल, ती मागणी. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची भूक कितीही मोठी असो, बाजाराच्या वहीत ती शून्य लिहिली जाते. हे प्रकरण वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवायला हवी. मागणीचं मॉडेल गरज मोजत नाही, खरेदी मोजतं.

म्हणूनच ‘मागणी किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ४० रुपयांना किती, ५० ला किती, ६० ला किती, असं विचारलं की उत्तराची एक यादी होते. त्या यादीलाच गणिताच्या भाषेत मागणीचं फलन म्हणतात. फलन म्हणजे नियम: एका बाजूने भाव घाला, दुसऱ्या बाजूने प्रमाण बाहेर पडेल. १८३८ साली ऑग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने मागणी अशी भावावर अवलंबून असलेल्या समीकरणात मांडली. तोवर अर्थशास्त्र बहुतांशी गद्यातच लिहिलं जात होतं.

२. एका दुकानाचं समीकरण

वेळापुरातल्या एका दुकानदाराने वर्षभराच्या वहीवरून ताडलं, की आपल्याकडे रोज विकली जाणारी ज्वारी साधारण या नियमाने चालते:

रोजची ज्वारी (किलो) = १५० − २ × ज्वारीचा भाव + १ × गव्हाचा भाव

ज्वारी ४० रुपये किलो, गहू ३० रुपये किलो असेल तर १५० − ८० + ३० = १०० किलो. ज्वारी ५० वर गेली तर ८० किलो. ज्वारी ४० वरच राहून गहू २० वर उतरला तर ९० किलो. म्हणजे गव्हाचं पोतं स्वस्त झालं तर ज्वारीच्या पोत्याला हात न लावताही तिचा खप घटतो. एकीचा भाव उतरला की दुसरीचा खप घटतो अशा वस्तू एकमेकींच्या पर्यायी. भाकरी आणि पोळी तशा. याउलट कांदा आणि झुणक्याचं पीठ एकत्रच लागतं. एक महागलं की दुसऱ्याचाही खप थोडा उतरतो. त्या पूरक वस्तू. समीकरणात फरक एवढाच, की पर्यायी वस्तूच्या भावापुढे अधिक चिन्ह येतं आणि पूरकच्या पुढे उणे.

यात दुकानदाराला मनातलं काही ओळखावं लागलं नाही. वहीतले तीन स्तंभ पुरले. ते तीन स्तंभ वाचताना एक मोठी फसगत होऊ शकते, तिच्याकडे पुढे येऊ.

३. टक्क्याला किती टक्के?

‘भाव १० रुपयांनी वाढला आणि खप २० किलोंनी घटला’ हे वाक्य वेळापूरच्या दुकानाला लागू. सोलापूरच्या मार्केट यार्डात, जिथे हिशेब क्विंटलमध्ये चालतो, तिथे ते निरर्थक होतं. किलो-क्विंटल, रुपये-डॉलर यांच्या कचाट्यातून सुटायचं तर दोन्हीकडे टक्के घ्यावेत. भाव १ टक्का वाढला तर खप किती टक्के घटतो, या आकड्याला मागणीची लवचिकता म्हणतात. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात ही कल्पना रूढ केली.

आपल्या दुकानात ४० वरून ५० म्हणजे भाव २५ टक्के वाढला, खप १०० वरून ८० म्हणजे २० टक्के घटला. २० भागिले २५, लवचिकता ०.८. (खरं तर उणे ०.८, कारण एक वाढतं तेव्हा दुसरं घटतं. बोलताना आपण उणे सोडून देऊ.) आता भाव ५० वरून ६० वर न्या. खप ८० वरून ६० वर येतो. भाव २० टक्के वाढला, खप २५ टक्के घटला, लवचिकता १.२५. समीकरण तेच, माणसं तीच, पण महागाईच्या वरच्या पायरीवर गिऱ्हाईक जास्त दचकतं.

१ हा आकडा इथे उंबरठा आहे. लवचिकता १ पेक्षा कमी असेल तोवर भाव थोडा वाढवला की दुकानदाराच्या गल्ल्यात जास्त पैसे येतात, १ च्या वर गेली की कमी. आपल्या दुकानात ४० × १०० = ४,००० रुपये होते, ५० × ८० = ४,००० रुपयेच राहिले, आणि ६० × ६० = ३,६०० झाले. उंबरठा ४० आणि ५० च्या मध्ये कुठेतरी ओलांडला गेला. मधला, ४५ रुपयांचा भाव घेऊन पाहा: खप ९० किलो, गल्ला ४,०५० रुपये. सगळ्यात जास्त तिथेच.

४. कांद्याचं दुखणं

लवचिकता हा पुस्तकी आकडा वाटत असेल तर सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याच्या हंगामात जाऊन यावं. राज्यातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी हा एक. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथे ५१२ किलो कांदा विकलेल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता २ रुपयांचा धनादेश पडला. देशभर बातमी झाली. अनेकांनी त्यात फक्त व्यापाऱ्यांची लूट पाहिली. बाजारात लूट नसते असं मी म्हणणार नाही, पण लूट नसती तरी भाव कोसळलाच असता, आणि त्याचं कारण तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात आहे.

कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी भाजीत दुप्पट कांदा घालत नाही. महागला तरी फोडणीतून तो पूर्ण जात नाही. घरखर्चात त्याचा वाटा लहान, आणि त्याची जागा घेणारं दुसरं काही नाही. म्हणून त्याची लवचिकता कमी. समजा ती ०.४ आहे. म्हणजे खप ४ टक्के वाढवायचा तर भाव १० टक्के पाडावा लागतो. आता हाच हिशेब उलटा चालवा. पाऊस-पाणी चांगलं झालं, आवक २० टक्के वाढली. तेवढा जादा कांदा लोकांच्या गळी उतरवायचा तर भाव किती पडावा लागेल? २० भागिले ०.४, म्हणजे ५० टक्के. १०० क्विंटल २,००० रुपयांनी गेले असते तर २ लाख रुपये आले असते. १२० क्विंटल १,००० रुपयांनी गेले, आले १ लाख २० हजार. पीक वाढलं, उत्पन्न ४० टक्क्यांनी बुडालं. नासणारा माल, साठवणुकीची अडचण आणि निर्यातीवरचे निर्बंध यांची भर पडली की गाडीभाडंही सुटत नाही.

हे गणित जुनं आहे. १६९९ साली चार्ल्स डॅव्हनंट या इंग्रज लेखकाने एक तक्ता छापला. तो ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात पीक एक दशांशाने कमी आलं तर धान्याचा भाव तीन दशांशाने चढतो, पीक निम्मं बुडालं तर भाव साडेचार पटींनी वाढतो, असा हिशेब आहे. आजच्या भाषेत, धान्याची लवचिकता एकापेक्षा बरीच कमी असल्याचा तो पुरावा. शेतकऱ्याला वाईट वर्ष एकदा मारतं आणि चांगलं वर्ष दुसऱ्यांदा मारतं, यामागे हीच आकडेमोड आहे. ती शेतीधोरण ठरवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

५. पालखीच्या दिवशी वही काय सांगते?

आता ती फसगत. पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. लाखो वारकरी, गावात पाय ठेवायला जागा नाही. एरवी ४० रुपये डझनाने दिवसाला २०० डझन केळी विकणाऱ्या बाजारात त्या दिवशी ५० रुपये डझनाने ९०० डझन जातात. वहीत दोन नोंदी झाल्या. नुसत्या आकड्यांकडे पाहणारा म्हणेल, भाव वाढला की लोक जास्त केळी घेतात!

चूक उघड आहे, पण तिचं निदान करायला अर्थशास्त्राला बराच काळ लागला. पालखीने भाव आणि खप यांची यादीच बदलून टाकली. ४० ला किती, ५० ला किती, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी वेगळं झालं. भाव बदलल्यामुळे खप बदलणं ही एक गोष्ट. माणसं, उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे सगळी यादी सरकणं ही दुसरी. वहीत मात्र दोन्ही एकाच शाईने लिहिलेल्या असतात.

१९२७ साली एल्मर वर्किंग या अमेरिकन अभ्यासकाने हे स्पष्ट मांडलं. बाजारातला प्रत्येक सौदा म्हणजे घेणाऱ्याची यादी आणि विकणाऱ्याची यादी जिथे जुळतात तो बिंदू. नुसत्या बिंदूंवरून कुणाची यादी कुठली हे कळत नाही. मग करायचं काय? असं काहीतरी शोधायचं जे एकाच बाजूला धक्का देतं. पाऊस तसा आहे. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात परतीचा पाऊस हुकला तर रब्बी ज्वारीची आवक घटते. पण पाऊस हुकला म्हणून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला भाकरी जास्त किंवा कमी आवडू लागत नाही. त्याची यादी जागच्या जागी राहते, विकणाऱ्याची सरकते. अशा वर्षांचे भाव आणि खप जोडले की गिऱ्हाइकाच्या यादीचा खरा आकार दिसतो. पालखीच्या दिवसाचा उपयोग उलटा: गिऱ्हाइकाची यादी सरकते, म्हणून केळीवाल्याच्या यादीचा आकार कळतो.

६. घर पैसे कसे वाटतं?

दुकानाकडून घराकडे वळू. केंब्रिजचे रिचर्ड स्टोन यांनी १९५४ साली घरखर्चाचं एक सुटसुटीत मॉडेल मांडलं. ते वाचताना मला नेहमी वाटतं, की हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला सांगितलं तर ती म्हणेल, यात नवीन काय? घर आधी प्रत्येक गोष्टीचं किमान प्रमाण बाजूला काढतं. मग जो मोकळा पैसा उरतो तो ठरलेल्या हिश्शांनी वाटतं.

वेळापुरातलं एक घर घेऊ. महिन्याचा खर्च १०,००० रुपये. ज्वारी किमान ३० किलो लागतेच. ४० रुपये भावाने १,२०० रुपये. बाकी सगळं किमान ४,८०० रुपयांचं. मोकळे उरले ४,०००. त्यातला दहावा हिस्सा, ४०० रुपये, ज्वारीवर. म्हणजे ज्वारीचा एकूण खर्च १,६०० रुपये, ४० किलो. आता ज्वारी ५० झाली. किमान ३० किलोंनाच १,५०० लागले, मोकळा पैसा ३,७०० वर आला, त्याचा दहावा हिस्सा ३७०. एकूण १,८७० रुपयांची ज्वारी, ३७.४ किलो. भाव २५ टक्के वाढला, भाकऱ्या साडेसहा टक्के कमी झाल्या. इतर गोष्टींचा एक पैसाही भाव न वाढता त्यांच्यावरचा खर्च ८,४०० वरून ८,१३० वर आला.

शेजारच्या घराचा खर्च ७,००० रुपये, किमान गरजा त्याच. मोकळा पैसा १,००० रुपये. ज्वारी ३२.५ किलो. भाव ५० झाल्यावर ३१.४ किलो. म्हणजे भाकरी जेमतेम साडेतीन टक्क्यांनी कमी झाली. वरवर पाहता या घराला महागाईची झळ कमी लागली. पण मोकळा पैसा बघा: पहिल्या घरात ४,००० चा ३,७०० झाला, साडेसात टक्के घट. दुसऱ्या घरात १,००० चा ७०० झाला, ३० टक्के घट. वह्या, औषध, दूध, माहेरी जाण्याचं एसटीचं भाडं, सगळं या मोकळ्या पैशातून येतं. गरीब घर भाकरी सोडत नाही, भाकरीपायी बाकीचं सोडतं. खपाच्या आकड्यात जे दिसत नाही ते दाखवतं म्हणून हे मॉडेल मला महत्त्वाचं वाटतं.

महागाई माणसाला दोन प्रकारे ढकलते. एक, ज्वारी इतरांच्या तुलनेत महागली म्हणून तो गव्हाकडे वळतो. दोन, त्याच पैशात कमी येतं म्हणून तो थोडा गरीब होतो, आणि गरीब माणूस जे करतो ते करू लागतो. १९१५ साली येवगेनी स्लुत्स्की यांनी हे दोन धक्के गणिताने वेगळे काढले. जॉन हिक्स आणि रॉय ॲलन यांनी १९३४ मध्ये तीच वाट स्वतंत्रपणे शोधली. दुसरा धक्का कधीकधी इतका मोठा असतो की पहिल्याला उलटवतो. चीनच्या हुनान प्रांतात अत्यंत गरीब कुटुंबांना प्रयोग म्हणून तांदूळ स्वस्त दिला, तर त्यांनी तांदूळ कमी आणि इतर पदार्थ जास्त खाल्ले. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी २००८ मध्ये हे प्रसिद्ध केलं. स्वस्ताईने घराला जरा श्वास मिळाला आणि ते लगेच नुसत्या भातापासून दूर गेलं.

७. १९८३ चा ग्रामीण महाराष्ट्र

मागणीच्या शास्त्रातला एक नामांकित अभ्यास आपल्याच गावांवर उभा आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा माहीत नाही, याची मला खंत आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. घर जितकं गरीब तितका अन्नाचा हिस्सा मोठा, असं त्याला दिसलं. हा नियम आजही टिकून आहे. ग्रामीण भारतात घरखर्चातला अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्क्यांच्या वर होता, २०२२-२३ मध्ये तो ४६ टक्क्यांवर आला. एकूण खर्चातला धान्याचा वाटा तर २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी गरिबीची रेषा काढली, तीही याच वाटेने: किती खर्च करणाऱ्या माणसाच्या पोटात रोज २,२५० कॅलरी जातात, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या तक्त्यांतून वाचलं. १९६०-६१ च्या भावाने उत्तर आलं, खेड्यात महिन्याला माणशी सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस.

यावरून सोपा निष्कर्ष निघतो, की गरिबाच्या हातात जास्त पैसा आला की तो तेवढं जास्त अन्न खाईल. अँगस डीटन आणि शंकर सुब्रमण्यन यांनी हेच तपासायला १९८३ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातली ग्रामीण महाराष्ट्रातली साडेपाच हजारांवर कुटुंबं घेतली. त्यांचा लेख १९९६ मध्ये आला. एकूण खर्च १ टक्का वाढला तर पोटात जाणाऱ्या कॅलरी ०.३ ते ०.५ टक्के वाढतात, असं त्यांना आढळलं. अन्नावरचा खर्च मात्र याहून बराच जास्त वाढत होता. मधला फरक कुठे गेला? प्रत्येक कॅलरी जास्त महाग घेण्यात. हाती पैसा येताच माणसं ज्वारी-बाजरीकडून गहू-तांदळाकडे, साखरेकडे, तेलाकडे सरकत होती. वाढलेल्या अन्नखर्चातला जवळजवळ निम्मा भाग पोट भरण्यात आणि निम्मा चवीत गेला. तोही अगदी गरिबांच्या घरी. रुपयाला सर्वांत जास्त कॅलरी देणारी ज्वारी-बाजरी असतानाही धान्यावरच्या पैशांतला जवळपास एक तृतीयांश ते दुसऱ्या, महाग धान्यांवर खर्च करत होते.

हे वाचून काहींना गरीब अविचारी वाटतात. मला तसं मुळीच वाटत नाही. वर्षभर एकच भाकरी खाणाऱ्या माणसाला भाताची ओढ वाटणं हा विचारच आहे, आणि मागणीचं मॉडेल त्याच्याकडे तसंच पाहतं: माणसाला काय मोलाचं वाटतं हे त्याच्या खरेदीतून वाचायचं, आपण ठरवायचं नाही. त्या लेखात आणखी एक आकडा आहे. दिवसभराच्या कामाला पुरतील एवढ्या कॅलरी त्या वेळी दिवसाच्या मजुरीच्या ५ टक्क्यांहून कमी पैशात मिळत होत्या. ‘पुरेसं खायला नाही म्हणून काम होत नाही, काम होत नाही म्हणून गरिबी’ या लोकप्रिय समजुतीला त्याने मोठा छेद दिला.

या अभ्यासामागची एक युक्ती सांगायलाच हवी. सर्वेक्षक घरी जाऊन ‘किती किलो घेतलं, किती रुपये दिले’ विचारतात. भागाकार केला की भाव मिळतो, असं वाटतं. पण एकाने मालदांडी घेतली, दुसऱ्याने हायब्रीड; दोघांचा भागाकार वेगळा, आणि तो फरक भावाचा नसून प्रतीचा आहे. डीटन यांनी असा विचार केला, की एका गावात एकाच वेळी बाजारभाव सगळ्यांना सारखाच असतो. म्हणून एकाच गावातल्या घरांच्या आकड्यांत जो फरक दिसेल तो उत्पन्नाचा आणि प्रतीचा. तो मोजून बाजूला काढला, की गावागावांत जो फरक उरतो तो खऱ्या भावाचा. ज्वारी जिथे पिकते तिथे स्वस्त, जिथे आणावी लागते तिथे महाग. नकाशावर पसरलेली ही महागाईच मग प्रयोगशाळेचं काम करते. किरीट पारीख यांच्यासह १९९४ मध्ये त्यांनी याच पद्धतीने महाराष्ट्रातल्या अन्नपदार्थांचे भाव आणि मागणी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. २०१५ चं अर्थशास्त्राचं नोबेल डीटन यांना मिळालं ते उपभोग, गरिबी आणि कल्याण यांच्या विश्लेषणासाठी.

स्टोन यांच्या मॉडेलची एक अडचणही त्यांनी दूर केली होती. त्या मॉडेलमध्ये उत्पन्न वाढलं की प्रत्येक वस्तूचा खप वाढतोच. पण १९८३ ची ज्वारी तशी नव्हती. पैसा आला की तिच्यापासून माणसं दूर जात होती. अशा वस्तूला अर्थशास्त्रात निकृष्ट म्हणतात. शब्द कानाला टोचतो, पण त्याचा धान्याच्या गुणाशी संबंध नाही, उत्पन्न आणि खप यांच्या दिशेशी आहे. १९८० मध्ये डीटन आणि जॉन म्यूलबावर यांनी किलोंऐवजी रुपयातला वाटा मोजणारं मॉडेल दिलं: घरखर्चाच्या प्रत्येक रुपयातले किती पैसे ज्वारीला, किती गव्हाला, किती तेलाला. हा वाटा उत्पन्नाबरोबर वाढू शकतो, घटूही शकतो, आणि गव्हाच्या भावाने ज्वारीचा वाटा हलू शकतो.

८. गिरणी कामगारांची टोपली

सोलापूरची या विषयाशी ओळख त्याहूनही जुनी. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने सोलापुरातल्या कापड गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२८ मध्ये अहवाल छापला, आणि फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ या वर्षाचे भाव १०० धरून शहराचा राहणीमान-खर्चाचा निर्देशांक चालू झाला. अशा निर्देशांकात ठरलेली टोपली दरमहा महाग-स्वस्त होते, तिच्यातल्या वस्तू बदलत नाहीत. महागाई भत्ता त्यावर ठरतो. पण आपण पाहिलं, की भाव बदलले की घर टोपलीच बदलतं. म्हणून जुनी टोपली कालांतराने खोटी पडते आणि नव्याने भरावी लागते. औद्योगिक कामगारांच्या देशव्यापी निर्देशांकात अन्नाचं वजन २००१ च्या टोपलीत सुमारे ४६ टक्के होतं, २०१६ च्या टोपलीत सुमारे ३९.

९. फुकट गहू आणि विकतची ज्वारी

आता सुरुवातीचा प्रश्न हाताशी असलेल्या अवजारांनी सोडवता येतो. ज्वारीच्या रानात कालव्याच्या पाण्याने ऊस आला, कोरडवाहूत हरभरा आला. हाताने उपटून काढायच्या पिकाला मजूर मिळेना. राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र दशकानुदशकं घटत गेलं. विकणाऱ्यांची यादी आक्रसली. दुसऱ्या बाजूला, ज्यांना भाकरी आणि पोळी सारखीच, ते आधीच गव्हाकडे गेले होते. मागे राहिले ते भाकरीशिवाय न जेवणारे. त्यांची लवचिकता कमी, आणि कमी लवचिकतेच्या बाजारात आवक थोडी घटली तरी भाव उसळतो. कांद्याचंच गणित, उलट दिशेने. त्यात शहरातला सुखवस्तू माणूस आरोग्यासाठी भाकरीकडे परतला. २०२३ तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. १९८३ मध्ये पैसा आला की सुटणारं धान्य आता पैसा असलेल्यांच्या ताटात येऊ लागलं, म्हणजे उत्पन्नापुढचं चिन्हच तिथे उणेचं अधिक झालं.

मग जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य माणशी ५ किलो फुकट मिळतं, त्याचं काय? पाच माणसांच्या घराला २५ किलो मिळाले. ग्रामीण भागात माणूस महिन्याला साधारण साडेनऊ किलो धान्य खातो, म्हणजे घराची गरज ४७-४८ किलो. उरलेले २२-२३ किलो बाजारातूनच यायचे. या घरासाठी शेवटच्या किलोचा भाव शून्य नसून बाजारभावच आहे. म्हणून फुकट धान्य त्याच्यासाठी जवळजवळ रोख रकमेसारखं वागतं: २५ किलो × ३० रुपये, महिन्याचे ७५० रुपये वाचले. हे ७५० रुपये ज्वारीच्या मागणीला दोन उलट दिशांनी ओढतात. पोटातली धान्याची जागा रेशनच्या गहू-तांदळाने भरली म्हणून ज्वारी कमी. हातात पैसे उरले म्हणून उरलेल्या २२ किलोंमध्ये हायब्रीडऐवजी मालदांडी, किंवा गव्हाऐवजी ज्वारी. राष्ट्रीय सर्वेक्षणाने २०२२-२३ पासून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून आणि न धरून असे खर्चाचे दोन्ही आकडे द्यायला सुरुवात केली: ग्रामीण भारतात माणशी महिना ३,७७३ रुपये, आणि फुकट वस्तूंची किंमत धरून ३,८६०. डीटन-सुब्रमण्यन यांनी १९८३ च्या गावांवर जी युक्ती वापरली ती या नव्या नोंदींवर चालवली, की या दोन ओढींपैकी कुठली जड हे जिल्ह्या-जिल्ह्याचं वेगळं मोजता येतं. मंगळवेढ्यासारख्या ज्वारी पिकवणाऱ्या भागात, जिथे ती घरचीच असते, तिथे पहिली ओढ हलकी पडेल. वेळापूरसारख्या उसाच्या गावात, जिथे ज्वारी विकत आणावी लागते, तिथे दोन्ही ओढींचं वजन दुकानदाराच्या वहीत महिन्या-महिन्याला उतरतं.